घरोघरची पाहणी आणि आपले उत्तर



वसंतातल्या व्याख्यानांत काव्यावर बोलावे, संतांवर बोलावे, फार तर देशाच्या अर्थकारणावर बोलावे, अशी रीत आहे. आम्ही आज बोलणार आहोत ते एका प्रश्नावलीवर. व्यवस्थापकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणी' असे सांगितले. त्यांनी क्षणभर थांबून विचारले, "यात इतिहास कोणता?" त्यांचा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर द्यायला आम्हांला हा एक तास लागणार आहे.

आरंभी एक कबुली देतो. आमचे शाळेतले शिक्षण नववीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयातल्या बाकावर आणि कामगारांच्या बैठकांत. तुमसर तालुक्यातल्या बिडी वळणाऱ्या बाया आणि मॅगनीजच्या खदानींतले मजूर यांच्या संघटनेत आमची तीस वर्षे गेली. त्यामुळे आकडेशास्त्राचा पंडित म्हणून नव्हे, तर आकड्यांशी रोज ज्याची गाठ पडते असा माणूस म्हणून आम्ही बोलणार आहोत.

आपल्यापैकी पुष्कळांनी आंबागडचा किल्ला पाहिला असेल. देवगडचा राजा बख्त बुलंद शाह याच्या अमलात, १७०० च्या सुमारास, राजाखान पठाण या त्याच्या सरदाराने तो बांधला असे सांगतात. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि कैदी ठेवण्याची जागा झाला. इतका इतिहास आपल्याला ठाऊक आहे. पण त्या डोंगराखाली त्या वेळी घरे किती होती, एका घरात पोरे किती जन्मत आणि त्यांतली किती जगत, बाळंतपणात किती बाया दगावत, याची नोंद कोठेही नाही. बांधणाऱ्याचे नाव राहिले. दगड वाहणाऱ्याच्या घरात रात्री किती माणसे निजत हे राहिले नाही. ज्यांचे नाव बखरीत येत नाही त्यांचा इतिहास मोजणीतून येतो, आणि म्हणून मोजणीचा इतिहास हा आमच्यासारख्यांच्या घरचा इतिहास आहे.

आपल्या भागात पद्धतशीर मोजणी झाली ती इंग्रजी अमलात. मध्यप्रांताची पहिली खानेसुमारी १८६६ सालची. त्यानंतर १८७२ ची, आणि १८८१ पासून दर दहा वर्षांनी सर्व देशाची. गावचा कोतवाल जन्ममृत्यूची खबर पोलीस ठाण्यावर नेऊन देई. या नोंदी सरकारने आपल्या सोयीसाठी ठेवल्या, हे खरे. तरी त्या नसत्या तर आपल्याच आजोबा-पणजोबांवर काय गुदरले हे आपल्याला कळले नसते. १८९१ साली भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या ७ लाख ४३ हजारांच्या आसपास होती. तेव्हा आजचा गोंदिया जिल्हाही त्यात होता. १९०१ साली ती ६ लाख ६३ हजारांवर आली. दहा वर्षांत ८० हजार माणसे कमी! मधल्या काळात १८९७ चा आणि १९०० चा, असे दोन दुष्काळ पडले होते. त्यांत मेलेल्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. दोन आकड्यांमधली वजाबाकी, एवढेच त्यांचे स्मारक.

खानेसुमारी माणसे मोजते. माणसे कशी जगतात हे ती फारसे विचारत नाही. तो प्रश्न घरात शिरून विचारण्याचे काम आपल्याकडे आधी झाले ते कामगारांच्या वस्तीत. पहिल्या महायुद्धानंतर महागाई भडकली, मुंबईच्या गिरण्यांत संप झाले आणि १९२१ मध्ये मुंबई सरकारने मजूर कचेरी स्थापन केली. या कचेरीच्या माणसांनी चाळीचाळींतून फिरून कामगारांच्या कुटुंबांचे जमाखर्च लिहून घेतले: जोंधळा किती, तांदूळ किती, घरभाडे किती, सावकाराचे व्याज किती. फिंडले शिरास यांच्या देखरेखीखालचा त्याचा अहवाल १९२३ साली निघाला. बहुसंख्य कुटुंबे एकेका खोलीत राहतात, हे त्यात सरकारच्याच कागदावर आले. कामगाराच्या राहणीखर्चाचा निर्देशांक अशाच जमाखर्चांवर उभा राहिला, आणि महागाईभत्त्याची भांडणे पुढे त्या निर्देशांकाच्या आधारे लढली गेली. कोणा एका गिरणी कामगाराच्या बायकोने दारात उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसाला "तेल पावशेर लागते" असे खरे सांगितले, आणि त्या उत्तरावर हजारो घरांचा भत्ता ठरला. घरोघरच्या पाहणीला आम्ही क्षुल्लक का समजत नाही, हे यावरून ध्यानात येईल.

जमाखर्च विचारणे एक वेळ सोपे. बाळंतपणे, गर्भपात, मेलेली मुले, नवराबायकोचा व्यवहार, हे विचारणे अवघड. त्यासाठी आधी या गोष्टी उघड बोलता येतात हे समाजाला पटावे लागते. ते पटविण्याची किंमत महाराष्ट्रात काहींनी मोजली. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्यांना प्राध्यापकीला मुकावे लागले, 'समाजस्वास्थ्य' मासिकावर खटले झाले. १९३८ साली डॉ. आंबेडकरांच्या पक्षातर्फे मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. सभागृहाने तो फेटाळला. आज दवाखान्याच्या भिंतीवर जी पाटी आपण न बघता पुढे जातो, तिच्यामागे हा इतिहास आहे.

स्वातंत्र्याच्या सुमारास या प्रश्नांचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू झाला, आणि त्यात पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचा वाटा मोठा. एन. व्ही. सोवनी यांच्या कोल्हापूर शहराच्या सामाजिक पाहणीचा लोकसंख्येवरचा खंड १९४८ चा. वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांनी पुणे जिल्ह्यातील जननमरणाची पाहणी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच काळात महालनोबिस यांच्या प्रेरणेने १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, १९५२ मध्ये सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला, आणि १९५६ साली मुंबईत लोकसंख्येच्या शिक्षणाची व संशोधनाची संस्था निघाली. तीच आज देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था.

येथवरचा मार्ग सरळ होता. पुढे मात्र एक खड्डा आला आणि त्यात पाहणीचा मुख्य आधारच कोसळला. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या सुमारे ६२ लाख पुरुषांच्या. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ साली तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. आम्ही त्या वेळी लहान होतो. सरकारी गाडी गावात आली की मोठी माणसे धानाच्या बांध्या ओलांडून जंगलाकडे पळत, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पोरांना तो खेळ वाटे. पुढे कळले की त्या दिवसांत एक मोठी गोष्ट मोडली. दारात वही घेऊन आलेल्या माणसाला खरे सांगावे, हा विश्वास मोडला.

या पार्श्वभूमीवर १९९२-९३ साली राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणीची पहिली फेरी झाली, हे ध्यानात घेतले पाहिजे. केंद्राच्या आरोग्य खात्याने ती मुंबईच्या या संस्थेकडे सोपविली. खर्चास अमेरिकेच्या मदतसंस्थेचे साहाय्य होते. राज्याराज्यांतली लोकसंख्या संशोधन केंद्रे कामाला लागली आणि सुमारे ९० हजार विवाहित स्त्रियांच्या मुलाखती झाल्या. दुसरी फेरी १९९८-९९, तिसरी २००५-०६, चौथी २०१५-१६, पाचवी २०१९-२१. चौथ्या फेरीपासून ही पाहणी प्रत्येक जिल्ह्याचे वेगळे आकडे देऊ लागली. पाचव्या फेरीत ७०७ जिल्ह्यांतली ६ लाख ३६ हजारांहून अधिक घरे झाली, ७ लाख २४ हजार स्त्रिया आणि १ लाखावर पुरुष यांना विचारले गेले.

आता कोणी म्हणेल, जिल्ह्यामागे हिशेब केला तर ही ९०० च घरे झाली. आमच्या जिल्ह्यात १२ लाख माणसे, त्यांचे काय कळणार? आपण भाताच्या मुलखातले लोक. शितावरून भाताची परीक्षा आपल्याला कोणी शिकवायला नको. पण जाणती बाई वरचेच शीत घेत नाही. आधी पळीने तळापासून ढवळते आणि मग घेते. तळचे शीत करपलेले आणि वरचे कच्चे असू शकते, हे तिला ठाऊक असते. नमुना पाहणीत हे ढवळण्याचे काम फार काटेकोरपणे करतात. आधी गावे निवडायची. निवडलेल्या गावाचा नकाशा काढायचा, एकूण एक घराची यादी करायची आणि त्या यादीतून ठरलेल्या अंतराने २२ घरे घ्यायची. कोणते घर यायचे हे सरपंच ठरवीत नाही, मुलाखत घेणारी बाईही ठरवीत नाही. घराला कुलूप असले तर शेजारचे घर चालत नाही. पुन्हा यायचे, तिसऱ्यांदा यायचे. जे घर सहज उघडे सापडते ते बहुधा कामावर न जाणाऱ्याचे असते. फक्त उघड्या घरांत विचारले तर मजुराचे घर गळते, आणि सगळा जिल्हा होता त्यापेक्षा सुखी दिसू लागतो.

ही शिस्त किती मोलाची आहे हे आम्ही पुस्तकात वाचून शिकलो नाही. स्वतः तोंडघशी पडून शिकलो. ती हकीगत सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

१९९७ सालची गोष्ट. बिडी कामगारांसाठी १९७६ च्या कायद्याने कल्याणनिधी झालेला होता आणि त्यातून दवाखाने चालत. आंबागडकडच्या खेड्यांत आठवड्यातून एकदा तरी फिरता दवाखाना आणि त्यात बाई डॉक्टर यावी, अशी आमच्या संघटनेची मागणी होती. नुसत्या अर्जाला कोणी विचारीत नाही, म्हणून आम्ही ठरविले की आपणच पाहणी करू. उत्साह दांडगा होता. एका प्रश्नावलीच्या चक्रमुद्रित प्रती काढल्या आणि आम्ही चार-पाच कार्यकर्ते, सगळे पुरुष, दोन-तीन गावांत घरोघर फिरलो. अंगणात खाट टाकून बसायचे, घरचे पुरुष भोवती, शेजारी जमलेले, कधी सट्टेदाराचा मुनीमही येऊन उभा. मांडीवर सूप घेऊन बिड्या वळीत बसलेल्या बाईला आम्ही पहिला प्रश्न विचारला, "काय काम करता?" ती म्हणाली, "मी काई काम नाई करत जी, घरीच रायतो." हे बोलताना तिच्या हाताची बोटे थांबली नव्हती. आम्ही इमानाने लिहिले, 'काम: नाही.' दुसरा प्रश्न, "तब्येत कशी आहे?" ती म्हणाली, "बरी आहे जी." आम्ही लिहिले, 'तब्येत: बरी.'

सगळे कागद एकत्र केले तेव्हा आजार सांगणाऱ्या बाया बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या. तरी ते कागद घेऊन आम्ही अधिकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी ते नीट वाचले, आणि आम्हांलाच विचारले, "तुमच्याच कागदावरून या बाया निरोगी आहेत. मग दवाखाना कशाला?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. मागणी त्या दिवशी पडली ती कित्येक वर्षे उठली नाही. ती कोणा शत्रूने पाडली नव्हती. आमच्याच पाहणीने पाडली होती.

काही वर्षांनी वाचनालयात आम्हांला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामाची माहिती वाचायला मिळाली. आपल्या शेजारच्याच गडचिरोली जिल्ह्यात, दोन खेड्यांत त्यांनी स्त्रियांची तपासणी केली होती. ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाची कसली ना कसली व्याधी निघाली. आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. १९८९ साली हा निबंध इंग्लंडच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकात आला आणि जगभर गाजला. म्हणजे आम्ही अंगणात खाट टाकून बसलो त्याच्या आठ वर्षे आधी, पलीकडच्या जिल्ह्यात, योग्य माणसाने योग्य जागी विचारले म्हणून खरे उत्तर मिळाले होते. आमच्या बाया आम्हांला खोटे बोलल्या नव्हत्या. नवरा, शेजारी आणि मुनीम यांच्यासमोर एखाद्या बाईला जे एकच उत्तर देता येते, ते त्यांनी दिले होते. चूक उत्तराची नव्हती, विचारणाऱ्याची होती.

आता २०१९ च्या पावसाळ्याकडे येऊ. राष्ट्रीय पाहणीचे एक पथक आंबागडच्या डोंगराखालच्या एका गावी आले. गावाचे नाव आम्ही सांगणार नाही. निवडलेले गाव आणि घर गुप्त ठेवावे, हा या पाहणीचा नियम आहे आणि तो रास्त आहे. रोवणीचे दिवस होते. सकाळी सातनंतर बाया बांधीत आणि घरांना कुलूप. पथकातल्या मुली दिवसभर थांबत आणि सांजवेळी, चिखलाचे पाय धुऊन बाया चुलीपाशी बसल्या की जात. एका ओसरीवर एका म्हाताऱ्या आजीने आम्हांला बाजूला घेऊन विचारले, "हे नसबंदीवाले त नाईत ना जी?" आणीबाणी उठून ४२ वर्षे झाली होती!

आम्ही ओळखीचे म्हणून पथकाच्या पर्यवेक्षक बाईंनी आमची मदत मागितली. आम्ही त्या घरी गेलो, या मुली कोण, कशाला आल्या, काय विचारणार, हे समजावले आणि सवयीप्रमाणे खाट ओढून बसलो. तेव्हा मुलाखत घेणारी मुलगी, वय असेल बावीस-तेवीस, अगदी नम्रपणे म्हणाली, "दादा, आता तुम्ही जरा बाहेर बसा. घरच्या दादांनाही बाहेर घेऊन जा." बावीस वर्षांपूर्वी आमचे काय चुकले, हे त्या एका वाक्यात आम्हांला कळले. आम्ही बाहेर जाऊन बसलो. पाऊण तासाहून अधिक वेळ ती दोघी आत बोलत होत्या.

आत काय विचारले जाते ते प्रश्नावली छापील असल्यामुळे कोणालाही वाचता येते. घरात काल रात्री कोण कोण निजले होते, येथपासून सुरुवात. मग पहिल्या बाळंतपणापासून एकेक मूल: मुलगा की मुलगी, केव्हा जन्मले, जिवंत आहे का, नसेल तर किती दिवसांचे, किती महिन्यांचे होऊन गेले. "तब्येत कशी आहे" असा मोघम प्रश्न नाही. काम विचारताना, बाई "नाही" म्हणाली तरी तेथेच सोडायचे नाही. पैशासाठी, वस्तूच्या मोबदल्यात, घरच्या धंद्यात काही करता का, असे उलगडून विचारायचे. नवऱ्याने हात उगारला का, हा प्रश्न घरातल्या एकाच स्त्रीला, पूर्ण एकांत असेल तरच विचारायचा. कोणी आत आले तर विषय बदलायचा. शेवटी वजन, उंची, आणि बोटाच्या टोकाचा रक्ताचा थेंब घेऊन रक्तातल्या हिमोग्लोबिनची तपासणी. यांतला प्रत्येक नियम म्हणजे आमच्यासारख्या कोणाच्या तरी चुकीतून शिकलेला धडा आहे.

अशा उत्तरांतून काय दिसले? आधी समाधानाची बाजू. पहिल्या फेरीत देशात स्त्रीमागे सरासरी ३.४ मुले होती. पाचव्या फेरीत २.०. महाराष्ट्रात ती १.७ वर आली. दवाखान्यात होणारी बाळंतपणे देशात शंभरात २६ होती, ती ८९ झाली. हजारी ७९ अर्भके वर्षाच्या आत जात, ती ३५ वर आली. सक्तीची गाडी न आणता हे झाले, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. शिकलेल्या आणि पोर जगेल अशी खात्री पटलेल्या बाईने आपले कुटुंब स्वतः लहान केले.

आता दुसरी बाजू. पाचव्या फेरीत देशातल्या शंभर विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ जणींनी स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतलेली होती. पुरुषाची शस्त्रक्रिया झालेली जोडपी शंभरात एकही भरत नाहीत, हजारात तीन आहेत. १९७६-७७ मध्ये पुरुषांना धरून नेले. नंतरच्या सरकारांनी भीतीने पुरुषांचे नावच सोडले आणि सगळे ओझे बायकांवर टाकले. चाळीस वर्षांपूर्वीच्या जुलमाची सावली अशी आजच्या आकड्यावर पडलेली आहे. पुरुषांची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी धोक्याची असते, हे डॉक्टर सांगून थकले.

आणि तिसरी गोष्ट, जी आम्हांला सर्वांत बोचते, ती रक्ताची. स्त्रियांच्या रक्ताची तपासणी दुसऱ्या फेरीत सुरू झाली. तेव्हा शंभरात ५२ विवाहित स्त्रियांना रक्तक्षय होता. तिसऱ्या फेरीत सर्व स्त्रियांत ५५, चौथ्या फेरीत ५३, पाचव्या फेरीत ५७. महाराष्ट्रात चौथ्या फेरीला ४८ होते, पाचव्या फेरीला ५४. मुले कमी झाली, दवाखाने वाढले, रस्ते झाले, विजेचे खांब आले. बाईच्या अंगात रक्त काही वाढले नाही. हजार बिड्या वळून मजुरी घेणारी, त्यांतल्या काही 'छाट' म्हणून फुकट जाताना बघणारी, सर्वांच्या मागून जेवणारी ही बाई. ती "घरीच रायतो" म्हणते, पण तिचे रक्त खरे बोलले.

पुढे सहाव्या फेरीत ही रक्ताची तपासणी या पाहणीतून वगळण्यात आली. बोटाच्या टोकाच्या रक्तावरून केलेली तपासणी पुरेशी अचूक नसते, शिरेतले रक्त घेतले पाहिजे, म्हणून आहार व रक्तचाचण्यांची वेगळी पाहणी करू, असे कारण देण्यात आले. शास्त्राच्या बाजूने या म्हणण्यात तथ्य आहे आणि आम्ही ते नाकारीत नाही. तरी कामगार चळवळीत आम्ही एक गोष्ट शिकलो आहोत: माप बदलायचे असेल तर जुने आणि नवे माप काही काळ शेजारी ठेवावे, म्हणजे फरक मापाचा की मालाचा हे सर्वांना दिसते. जुने काढून घेतले आणि नव्याचे आकडे त्याच्याशी जुळेनासे झाले, तर वीस वर्षांची तुलना तुटते आणि 'वाढले की घटले' या प्रश्नाला कोणीच बांधील राहत नाही. सरकारचे आकडे आणि घरातले वास्तव यांत किती अंतर पडू शकते, हे महाराष्ट्राने २००१ साली 'कोवळी पानगळ' या अहवालात पाहिले आहे. स्वयंसेवी संस्थांनी स्वतः घरोघर फिरून बालमृत्यू मोजले, तेव्हा सरकारी नोंदीपेक्षा ते कितीतरी अधिक निघाले. सरकारला समिती नेमावी लागली. मोजले म्हणून नेमावी लागली, हे विसरू नये.

आता या सर्वांचे आपण, म्हणजे या सभागृहात बसलेल्या मंडळींनी, करायचे काय? आमचे म्हणणे थोडक्यात दोन गोष्टींत सांगतो.

पहिली गोष्ट: पाहणीचे पथक दारात आले तर खरे सांगावे, आणि घरातल्या स्त्रीला एकांतात खरे सांगू द्यावे. शहरातल्या सुशिक्षित वस्तीत "वेळ नाही" म्हणून दार लोटण्याची पद्धत आहे. खेड्यातली बाई दिवसभर चिखलात उभी राहून सांजवेळी पाऊण तास देते. आपल्यालाही तो देता येईल. मात्र हे आपल्या खुशीवर आहे, सक्ती नाही. मनात नसेल तर नकार देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. आणीबाणीनंतर मिळवलेला हा हक्क कोणी सोडू नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. उत्तर घेणाऱ्याने ते परत आणून दिले पाहिजे. चौथ्या आणि पाचव्या फेरीपासून आपल्या भंडारा जिल्ह्याचे काही पानांचे आकडेपत्रक प्रसिद्ध झाले आहे. ते कोणालाही मिळते. पण ते इंग्रजीत आहे, आणि ज्या गावांतून ती उत्तरे गेली तेथे ते कधी वाचले गेल्याचे आम्हांला आढळले नाही. गिरणी कामगाराच्या बायकोने सांगितलेल्या पावशेर तेलाचा भत्ता झाला, कारण तो आकडा हातात घेऊन भांडणारी संघटना होती. बाईच्या रक्ताचा आकडा हातात घेऊन कोणी ग्रामसभेत उभे राहते काय? आमची या व्याख्यानमालेला, वाचनालयांना आणि शाळांच्या शिक्षकांना विनंती आहे की ते पत्रक सोप्या मराठीत उतरवावे आणि दरवर्षी एका तरी ग्रामसभेत मोठ्याने वाचावे. लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात आहेत का, अंगणवाडीत गरोदर बाईला आहार मिळतो का, हे प्रश्न मग आपोआप विचारले जातील.

त्या रात्रीची एक गोष्ट सांगून थांबतो. मुली निघून गेल्यावर ती घरची बाई बाहेर आली. रक्त तपासून तिला एक चिठ्ठी दिलेली होती. ती तिने आमच्यापुढे धरली आणि विचारले, "का लिवलं हाय जी याच्यात?" आम्ही कंदिलाजवळ धरून वाचले. आकडा कमी होता. असायला हवा त्यापेक्षा बराच कमी. आम्ही तिला तसे सांगितले. तिने चिठ्ठी घडी करून पदराच्या टोकाला बांधली आणि म्हणाली, "मंग आता का करायचं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला उपकेंद्रात घेऊन गेलो. पण तिच्यासारख्या ज्या घरांत चिठ्ठ्या गेल्या, आणि ज्या घरांत त्या गेल्याच नाहीत, त्या सगळ्यांना कोण नेणार? तिने विचारलेला प्रश्न प्रश्नावलीत नव्हता. पाहणी करणाऱ्यांनी त्यांचे काम केले आहे. या प्रश्नाचे उत्तर देणे हे आता आपले काम आहे.